आम्ही पेंढ्याला घाबरलो नाही

दाजींचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या स्टँडवर ताईचे धुतलेले कपडे घेऊन मुंबईच्या गाडीची वाट बघत होतो. "आता घाई करू नको," एवढंच ते म्हणाले... मी पिशवी धरून तसाच उभा राहिलो.

सुनंदाताई माझी थोरली बहीण, आमच्या वाडीच्या अंगणवाडीत शिकवायची. दाजी मुंबईत नोकरीला, म्हणून ती आमच्याकडेच राहायची. तीन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि आयनं आपली एक दिली. नवी किडनी शरीरानं परकी समजून नाकारू नये म्हणून ताईला रोज गोळ्या. त्या गोळ्यांनी शरीराची राखणच ढिली पडते, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि तेव्हापासून मी भीतीतच जगलो. शिंकणारा पाहुणा मी ओटीवरूनच परत पाठवायचो. पाहुणे रुसायचे. "तू मला एकटेपणानंच मारशील," म्हणून ताई हसायची.

माणसं अडवली, पण पेंढ्याला कोण घाबरतं? भात पेरायच्या जागेवर आम्ही शेण, पाला, पेंढा पसरून राब भाजतो. त्यासाठी मी गोठ्याच्या माळ्यावरून जुना पेंढा खाली टाकत होतो. पावसात छप्पर गळून तो काळा पडला होता, पांढरी भुकटी उडत होती. हाताखाली कुणी नव्हतं. मीच हाक मारली, "ताई, जरा पेंढा धर गो." तिनं नाकाला पदर लावला आणि धरला.

आठवड्याभरानं खोकला सुरू झाला. त्या दिवसांत राबाच्या धुरानं सगळी वाडीच खोकते. मी रोज थर्मामीटर लावायचो, ताप नसायचा. "ताप नाय ना, मग कशाला धावायचं," ती म्हणाली, आणि मलाही तेच ऐकायचं होतं. चार दिवस असेच गेले. किडनीच्या त्याच गोळ्या तापही दाबून ठेवतात, हे महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताई बाकावर बसून धापा टाकत होती आणि बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा नव्वदच्या खाली होता.

मुंबईत नळी घालून फुप्फुसातलं पाणी तपासलं. न्यूमोनिया निघाला, बुरशीचा. कुजक्या पेंढ्यात ती असतेच, धडधाकट माणसाला काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. माझ्याही छातीत ती गेलीच असणार... बुरशीवरचं औषध शिरेतून सुरू झालं. किडनीच्या गोळ्या कमी केल्या तर आयची किडनी जायची भीती, चालू ठेवल्या तर बुरशी वाढायची. डॉक्टरांनी कमी करायचं ठरवलं, दाजींनी सही केली. पुढे श्वासासाठी मशीन लावलं. काचेतून बघताना मला वाटायचं, ही डोळे उघडेल आणि विचारेल, मला हे कशानं झालं? तिनं डोळे उघडलेच नाहीत.

आता दीड महिना झाला. वाडीत कुणी खोकलं तरी मी दचकतो. आय अजून रोज सकाळी ताईचं पाणी वेगळं उकळते आणि फडक्यानं झाकून ठेवते. परवा पातेलं झाकता झाकता तिनं विचारलं, "माझी किडनी बरी व्हती ना रे? तिच्यात काय खोट नव्हती?"

शेवटपर्यंत ती नीट चालली, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तेवढं मी तिला सांगितलं. पेंढ्याचं सांगायची अजून हिंमत होत नाही.