आधी ‘ठेवतो’, मग ‘हॅलो’

राजारामपुरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ फोनवर उलटे बोलतात. आधी "ठेवतो", मग निरोप आणि सर्वांत शेवटी "हॅलो, कोण बोलतंय?" दोष त्यांच्या बॅटरीचा आहे. फोन जुनाट, त्यात रस्त्यावरची स्वस्त बॅटरी. पहिली फुगली म्हणून काढली. दुसरी साठ टक्के दाखवते आणि पुढच्या क्षणी मरते.

"मुद्द्याचं आधी बोलायचं राव," ते मला समजावतात. आता जिन्यातही ते आधी "येतो" म्हणतात आणि मग "कसं काय?" विचारतात.

मध्यंतरी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना फोन वाजला. कागलचा धाकटा भाऊ होता, घराच्या वाटणीच्या वादापासून अबोला धरलेला. यांनी फोन उचलला. त्यांनी टक्के पाहिले आणि एका दमात म्हणाले, "रविवारी जेवायला ये. पोरांना आण. तुझी लई आठवण येतीया. आता बोल, काय म्हणतोस?"

तोवर फोन मेला होता. चार्जर लावला तरी तो उठेना.

"मी कट केला आसं वाटंल की त्याला," ते पुटपुटले. चहा तसाच राहिला.

रविवारी धाकटा पोरांसकट हजर झाला. मलाही वर बोलावणं होतं. दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेत तो मला म्हणाला, "मी भांडायला फोन केलता. दादानं बोलूच दिलं न्हाय." मग त्यानं खिशातून डबी काढली. "चांगली बॅटरी आणलीया, दादा. ही घाल."

दादांनी डबी कपाटात ठेवली.

"घालतो की. वाटणीचं मिटंपर्यंत जुनीच ऱ्हाऊ दे."