हळदीची खोली

आमच्या घरात एक गोष्ट हसत हसत सांगतात. आजी लग्न होऊन आली आणि दोन महिन्यांत तिनं भाडेकरूंना पळवून लावलं. परवा नातवानं ती पुन्हा सांगितली. सगळे हसले, मीही हसलो. ती आजी, म्हणजे माझी बायको, आता नाही, त्यामुळे खरं काय ते सांगणारा मीच उरलोय.

सांगलीतल्या आमच्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्यांत एस.टी.चे एक कंडक्टर, त्यांची बायको आणि दोन मुलं भाड्यानं राहत. कंडक्टरांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. सत्तरच्या दशकात बाजाराकडची रहदारी आमच्या रस्त्यानं वाढली. त्या खोल्यांना शटर लावलं तर दोन दुकानं निघतील, हे वडिलांच्या लक्षात आलं. पण भाड्याचा कायदा कडक. मालकाला स्वतःला राहायला जागा हवी, असं कोर्टात पटवल्याशिवाय भाडेकरू हलत नसे.

वकिलांनी विचारलं, "मुलगा लग्नाचा आहे ना? मग उरका."

लग्न ठरलं, कोर्टात दावा लागला. अडचण एवढीच, की माझी माडीवरची खोली मोकळी होती आणि कोर्टाचा माणूस जागा बघायला येणार होता. वडिलांची हळदीची अडत होती. त्यांनी पोती माडीवर न्यायला सांगितली. हमाल लावले तर गल्लीत बोभाटा होईल, म्हणून मीच वाहिली. लग्नाचा घाणा भरायच्या आधीच माझे हात पिवळे झाले होते. खोली छतापर्यंत भरली. बघायला आलेला माणूस दारातूनच शिंकत परत गेला.

बायको आली ती स्वयंपाकघरात आईशेजारी झोपू लागली. मी ओसरीवर. ती साडी बदलायची तेव्हा आई दार धरून उभी राहायची. वहिनी हे रोज बघत होत्या. निकाल लागायला अजून वर्षं गेली असती, पण एका सकाळी नळावर त्यांनी मला थांबवलं.

"आवं भावजी, नव्या पोरीला दार लावायला खोली नगं व्हय? आमी आष्ट्याला जातो. तितं माज्या भावाचं घर हाय."

"पोरांची शाळा?" मी विचारलं.

"तितं बी शाळा हाय की. आमचं मालक यष्टीनं येत्याल-जात्याल. त्यांची यष्टीच हाय." आणि त्या हसल्या.

माडीवर जागा आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. मी घागर उचलून दिली.

जाताना वहिनींनी माझ्या बायकोची ओटी भरली. पुढच्याच आठवड्यात गवंडी आला. पोती खाली उतरली आणि आमचा संसार माडीवर गेला. पहिल्या रात्री बायकोनं भिंतीवरून बोट फिरवलं, पिवळं झालेलं बोट दिव्याजवळ धरलं.

"ही खोली होतीच?"

"होती."

"माझ्यासाठी गेल्या ना त्या?"

मी दिवा बारीक केला. तोवर गल्लीत झालंच होतं, की नवी सून आली आणि पोराबाळांची माणसं घराबाहेर काढली. आईवडिलांनी ते कधी खोडलं नाही. त्यांना सोयीचंच होतं ते. दुकानं सुरू झाल्यावर वहिनींच्याही कानावर गेलं असणार. एकदा भाजीबाजारात त्या समोरून आल्या, माझ्या बायकोकडे बघितलं आणि तोंड फिरवून वळल्या. घरी येऊन बायकोनं पिशवी रिकामी केली, भाजी निवडायला घेतली.

"अहो, मला बाकी कुणाचं काही नाही. तेवढं वहिनींना सांगून या."

मी हो म्हणालो.

त्यानंतर हळदीच्या कामानं आष्ट्याला कितीतरी वेळा गेलो. स्टँडसमोरच्या गल्लीत त्यांचं घर होतं. अंगणात मुलं खेळताना दिसायची, पुढं मोठी झालेलीही दिसली. मी स्टँडवर चहा घ्यायचो आणि सांगलीची गाडी लागली की चढायचो. घरी आल्यावर बायको माझ्या तोंडाकडे बघायची. काही वर्षांनी तिनं तेही सोडलं.

वहिनीही गेल्या, असं मागे कळलं. भाडेकरूंना माझ्या बायकोनं घालवलं नाही. पोती मी वाहिली.