गोंदणाचा ब्रश
फ्लेक्सच्या ओल्या शाईचा वास नाकात शिरला की मला अजून एक चेहरा आठवतो. अकोल्यातल्या एका बॅनरच्या दुकानात मी डिझाइन करायचो, तेव्हा बार्शीटाकळीहून एक म्हातारा बायकोच्या तेरवीच्या बॅनरसाठी तिचा एकुलता एक फोटो घेऊन आला. मालकाने ग्राफिक्सच्या प्रोग्रॅममध्ये बाहेरून आणलेले नवे ब्रश, म्हणजे माउसने फोटोवर फिरवायची तयार साधनं, टाकले होते. त्यातला एक चेहऱ्यावर फिरवला की सुरकुत्या जायच्या, रंग उजळायचा. मी तो फिरवला आणि सुरकुत्यांबरोबर तिचं गोंदणही डाग समजून पुसलं. छापून आलेलं ते गुळगुळीत, पीठ फासल्यासारखं तोंड पाहून म्हातारा म्हणाला, "हे कोन होय? माह्या बायकोचं गोंदण कुठी गेलं?" मालक हसला, "पाहा ना बाबाजी, कशी गोरी दिसून राहिली!" म्हाताऱ्याने टेबलावरचा मार्कर उचलला आणि फोटोकडे न पाहता बॅनरवरच्या कपाळावर, हनुवटीवर एकेक ठिपका जिथल्या तिथे दिला. तो गेल्यावर मालक मला म्हणाला, "गोंदणाचाबी ब्रश टाकून घे, पुढच्या खेपेले कामी येईन." त्या मालकाची किळस येते असं मी कितीतरी वर्षं सांगत आलो, पण गोंदणाचे ठिपके आयते उमटवणारा तो ब्रश मी त्याच दिवशी टाकून घेतला, आणि गेल्याच आठवड्यात दुसऱ्या एका म्हातारीच्या फोटोवर वापरला.