कोटाच्या खांद्यांतला कापूस

टेलरकाकांचा विश्वास फक्त टेपवर. गिऱ्हाईक छातीठोकपणे कंबर छत्तीस सांगायचं, तरी काका टेप लावूनच बघायचे. बायको गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले, तेव्हा आपली कात्रीसुद्धा त्यांनी कुलपात ठेवली.

त्या महिन्यात कोटाच्या खांद्यांत भरायचा कापूस कमी व्हायला लागला. मग अस्तराचे तुकडे गेले, सुतळी गेली. पोटमाळ्यावरची काकांची शिवणसामानाची पेटी कुणीतरी उचकत होतं. काकांची नजर जावयावर गेली. जावई मोजकंच बोलायचा, आणि मोजकं बोलणारा माणूस काकांना कधी पटला नाही.

"बाबा, कापूस घेऊन ते काय करणार?" मुलगी म्हणाली.

"तेच तर मी विचारतोय."

एका दुपारी काका एकटेच असताना वर खुडबुड झाली. ते शिडी लावून चढले. पेटीमागे, छपराच्या फटीपाशी कापसाचा गोळा, त्यात चार पिल्लं. खार चिरचिर करत फटीतून बाहेर पळाली.

मुलीने प्राणी सोडवणाऱ्या बाईंना बोलावलं. काकांनी त्यांचीही उलटतपासणी घेतली. "पिंजरा नाही? मग पिल्लं नेणार कशात? कुठे विकत तर नाही ना तुम्ही?"

"मी नेणारच नाही. आई नेईल."

बाईंनी हातमोजे घालून अख्खं घरटं बुटांच्या खोक्यात ठेवलं. खाली टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. आत काही उरलं नाही ना, हे बॅटरीने पाहिलं; काकांनी पुन्हा स्वतः पाहिलं. मग फटीला जाळी ठोकून बाईंनी खोकं बाहेर कठड्यावर ठेवलं आणि सगळ्यांना आत पिटाळलं.

काका खिडकीआड बसले. ही बाई थाप मारतेय, खार काही येत नाही, असं त्यांना वाटत होतं. तास गेला. जावई कामावरून आला आणि शेजारी बसला.

खार आली. खोकं हुंगून परत गेली, पुन्हा आली. एक पिल्लू तोंडात धरून झाडावर चढली. असं तीनदा. मग बराच वेळ काहीच नाही.

"विसरली," काका म्हणाले.

"येईल."

चौथंही गेलं.

"कापूस तुम्ही घेताय असं वाटलं होतं मला," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला पटलं असतं?"

काकांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "कॉलर उसवलीय तुमची. काढा तो शर्ट."