पाटापासूनची उंची

रोह्याजवळ वरसेतल्या आमच्या घरी काचेच्या कपाटात खेळण्यातल्या आगगाडीचे पाच रंगीत लाकडी डबे आहेत. अंगणात एवढी मोठी गाडी फिरते, मग हे डबे तिला का लावत नाही, असं पाहुणे विचारतात. मी सांगतो, "कपलिंग जुळत नव्हतं." हे खरं आहे, आणि त्या खऱ्याच्या आड मी बरीच वर्षं लपून बसलो. बायकोलाही याहून जास्त सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं तो माणूसच आता नाही, म्हणून लिहितो.

डबे माझ्या साडूंनी केले. ते पेणचे मूर्तिकार, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सासुरवाडीला जावई आम्ही दोघे, पण पंगतीत पहिलं पान त्यांचं. गणपतीचे डोळे आखणारा हात म्हणून सासूबाई त्या हातावर आधी पाणी घालत. मी रोह्याच्या केमिकल कंपनीतला शिफ्टचा माणूस. "साडूभाऊ आले की वासावरून कळतं, आज कुठला प्लांट चालू होता," असं ते एकदा भर पंगतीत म्हणाले आणि सगळे हसले. ते विसरून गेले. मी विसरलो नाही.

निवृत्तीनंतर मुलीने परदेशातून मला ही गाडी आणून दिली. अंगणात चालणारी, इंजिन उचलायला दोन हात लागतात अशी. रूळ पितळेचे, पावसात भिजले तरी बिघडत नाहीत. बघणारे इंजिन बघतात, पण चालवणाऱ्याचं सगळं लक्ष दोन डब्यांमधल्या जोडावर, म्हणजे कपलिंगवर असतं. काही कपलिंग हूक आणि कडी अशी असतात, काही मिटलेल्या मुठीसारखी. हुकात मूठ अडकत नाही. मुठींचीही लहानमोठी मापं असतात. वळण आवळ असेल तर कपलिंग डब्याच्या अंगाला न बसवता खाली चाकांच्या सांगाड्याला बसवावं, म्हणजे ते वळणाबरोबर वळतं. आणि एवढं सगळं जुळलं तरी उंची जुळावी लागते. ती रुळाच्या माथ्यापासून मोजायची. हे मी गाडी शंभरदा पाडून शिकलो होतो, आणि कुणी विचारलं तर सांगायला मला फार आवडायचं.

साडूंच्या हाताला तोवर कंप सुटला होता. कारखाना मुलांनी हातात घेतला आणि डोळ्यांची आखणी त्यांच्याकडून काढून घेतली. आखणी हा मूर्तीवरचा शेवटचा हात. तो गेला की मूर्तिकाराने खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना "या, बसा" म्हणायचं. ते तसे बसत. एकदा त्यांचा फोन आला.

"साडूभाऊ, तुमच्या गाडीला मी डबे केले तर चालतील काय? तुमच्या गणपतीच्या आरासीला. बाप्पा पेणवरून रोह्याला निघालाय, असा देखावा."

"डबे करणं म्हणजे माती थापणं नव्हे."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय! पोरं बोलतात, बाबा, तुम्ही आता बसून राव्हा. एकदा काय तरी नीट करून दाखवलं तर पुढच्या हंगामाला बारक्या मूर्तींची आखणी तरी देतील. थोरला व्हय बोललाय, पण आधी बघू बोलतो."

म्हणजे त्यांना काय हवं होतं ते मला पहिल्याच दिवसापासून ठाऊक होतं.

नमुन्याला त्यांनी माझा एक डबा मागितला. मी दिला नाही. मग म्हणाले, तारेचे हूक वाकवून लावतो, ते हाताला सोपे. मी म्हटलं, "माझ्या इंजिनाला मूठ आहे. जुळवून घ्यायचं ते तुम्ही." मुठींची एक पुडी आणि हातभर रूळ पाठवून दिला. उंची फोनवर सांगितली, एक इंच एक सूत, म्हणजे इंचावर त्याचा आठवा भाग. कुठून मोजायची ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. इथवर राहून गेलं असं म्हणता येईल. पुढचं तसं नाही.

श्रावणात पेणला गेलो. तिकडे गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट कारखान्यात आणून देतं, मूर्ती त्या पाटावर बसते, आणि तिची उंची बोलायची ती पाटापासून मुकुटापर्यंत. साडूंनी जन्मभर तसंच मोजलं. माझा हातभर रूळ त्यांनी एका पाटावर ठोकला होता आणि त्यावर पाच डबे ओळीने उभे केले होते. पहिल्या डब्यात शाडूचा बोटभर गणपती.

"डोळे मीच आखले," ते हळूच म्हणाले आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून दाखवलं. "असं धरून. कितीदा पुसले असतील! थोरल्याला बोललो नाय अजून."

डोळे सुरेख होते. माझ्या विकतच्या गाडीत त्या डब्यांच्या तोडीचं काही नव्हतं. हे दिसलं तेव्हा मला जे वाटलं, त्याला मत्सराखेरीज नाव नाही.

त्यांनी लोखंडी पट्टी घेतली, पाटावर उभी टेकवली आणि एकेका डब्याचं कपलिंग मोजून दाखवलं. "एक इंच एक सूत. पाचही सारखे. बरोबर हाय ना?"

पट्टी पाटावर होती. रूळ आणि त्याखालचे स्लीपर मिळून अर्ध्या इंचाहून जास्त उंची त्या मापात खपली होती. डबे आपापसात नीट जुळत होते, कारण पाचही सारखेच खाली होते. माझ्या इंजिनाला मात्र त्यातला एकही लागणार नव्हता. एक वाक्य पुरलं असतं, आणि दुरुस्तीला दिवसही हातात होते.

"एकदम बरोबर," मी म्हटलं आणि त्यांच्या घरचा चहा प्यायलो.

त्यांचा गणपती दीड दिवसाचा, आमचा गौरींबरोबर जाणारा. गौरीजेवणाच्या दिवशी ते सगळे आमच्याकडे आले. साडू नवा सदरा घालून आले होते. जेवणं झाल्यावर पाऊस थांबलेला बघून माणसं अंगणात जमली. साडूंनी डबे स्वतः रुळावर ठेवले, हात थरथरत होता तरी एकेक चाक बसवलं. मी इंजिन मागे आणलं. इंजिनाची मूठ डब्याच्या मुठीवरून न अडकताच सरकली. मी इंजिन पुढे काढलं. ते एकटंच गेलं, डबे जागेवर.

"डबे पेणचे ना? रोह्याला यायची घाई नाय त्यांना," मी म्हटलं. हशा पिकला.

"हसू नको गो," साडूंची बायको माझ्या बायकोला म्हणाली, पण ती स्वतःही हसत होती.

मी पुन्हा मागे आणलं, पुन्हा एकटं पुढे नेलं. "मूर्तिकार, तुमचा बाप्पा चालत येणार वाटतं!" साडू वाकून मुठींकडे बघत होते. "मापलं होतं मी," ते म्हणाले. "साडूभाऊंनी बघितलंय." माझ्याकडे बघत त्यांनी वाट पाहिली. मी हातातल्या कंट्रोलकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा इंजिन जोरात मागे आणलं.

पहिला डबा रुळावरून उलटला. गणपती फरशीवर पडला आणि त्याची मान गेली.

सणाच्या दिवशी मूर्ती भंगली, तीही मूर्तिकाराच्या हातची. कुणी हसलं नाही. बायकोने तुकडे पदरात उचलले. साडूंच्या थोरल्या मुलाने ते बघितले, मग बापाच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे. पुढच्या वर्षी कारखान्यात कशाला हात लावू नका." आवाज चढलेला नव्हता. साडू म्हणाले, "बरोबर हाय. माझंच माप चुकलं." तुकडे घेऊन ते एकटेच कुंडलिका नदीवर गेले आणि विसर्जन करून आले. डबे त्यांनी परत नेले नाहीत.

पुढे एकदा त्यांनी फोनवर विचारलं, "कुठून मापायचं होतं ते?"

"रुळाच्या माथ्यापासून. कुणालाही कळेल."

मग म्हणाले, "तुमच्यासमोर पट्टी टेकवली होती मी."

"माझं लक्ष नव्हतं."

"असंल," ते म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

त्यांनी अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा मी पाचही डब्यांची कपलिंग सोडवून वर घेतली. डबे इंजिनामागे असे धावले की जणू कायम तिथलेच होते. त्यातला एक पिशवीत घालून मी पेणची एसटी पकडली. नागोठणं येईपर्यंत वाक्य तोंडपाठ झालं होतं. कारखान्यामागच्या खोलीत ते पडून होते. मी डबा त्यांच्या छातीशी ठेवला. त्यांनी बोटाने मूठ चाचपली. ती वर सरकलेली त्यांना लगेच कळली.

तेव्हा तोंडून भलतंच निघालं. "आता चालतात बघा. मी दुरुस्त केले."

"बरं झालं," ते म्हणाले. "तुम्हाला जमतं." आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी उठलो. डबा त्यांनी ठेवून घेतला नाही. थोरल्याने तो माझ्या पिशवीत परत घातला. दिवाळीच्या आत साडू गेले.

एसटीत पाठ केलेलं वाक्य मोठं नव्हतं. साडूभाऊ, पट्टी पाटावर टेकलेली मला दिसली होती, मी मुद्दाम गप्प बसलो, मला माफ करा.