उचललेले बाक

डहाणूजवळ किनाऱ्यालगतच्या आमच्या गावात सुरूच्या झाडांखाली सिमेंटचे दोन बाक होते. गुडघ्यांनी थकलेले माझे बाबा रोज संध्याकाळी तिथं बसून परतणाऱ्या होड्या बघायचे. नोटाबंदीच्या वर्षी त्या बाकांवर गांजा ओढणाऱ्यांनी ठाण मांडलं. बाबा ग्रामसभेत ताडकन उठून ओरडले, "हे उघड्यावर गांजा ओढतात आणि तुम्ही गप्प बसता?"

पंचायतीला गांजा काही रोखता आला नाही, बाक मात्र उचलता आले. बाकच नसले तर बसणार कुठे, म्हणे! काय ते शहाणपण! उचललेले बाक ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते स्मशानाच्या शेडमध्ये नेऊन टाकले. गांजावालेही बाकांच्या मागोमाग तिकडे गेले. तिथं तक्रार करायला कोण येणार?

बाबांना वाळूत बसलं की उठता येत नसे. तेव्हापासून ते घरातच, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. होड्या आल्या का, एवढं मात्र रोज विचारायचे.

दोन पावसाळे गेले आणि आम्ही त्यांना स्मशानात नेलं. तिरडी दिसताच गांजावाले चिलीम विझवून उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. अग्नी दिल्यावर मी बाबांच्याच बाकावर बसलो. गांजाचा वास तिथं तसाच होता. या लोकांवर कुणीतरी खेकसायला हवं, असं वाटलं. पण गावात खेकसणारा एकच होता, आणि तो माझ्यासमोर जळत होता.