बिनपत्रिकेचा वऱ्हाडी

कंडक्टर एका लगीनसराईत दहा-बारा लग्नांना जायचे आणि त्यांतल्या एकाही घरची पत्रिका त्यांना आलेली नसायची. दारू सोडून थोडेच दिवस झालेल्या माणसाला लग्नाला जाणं भागच असलं, की कंडक्टर इस्त्रीचा सफारी घालून दिवसभर त्याच्या शेजारी उभे राहायचे. कुणी विचारलंच तर "पाहुण्यांसोबत आलोय" एवढंच सांगायचे.

मूळचे कन्नड गावचे, एसटीतून निवृत्त झालेले. दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या मीटिंगमध्ये आडनाव विचारायचं नाही आणि खोलीतलं बाहेर न्यायचं नाही, असा नियम. म्हणून ते कंडक्टर आणि मी, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो म्हणून, स्टोअरवाले. मीटिंग एका शाळेत, बालवर्गाच्या खोलीत भरायची. पत्ता, वार, वेळ मी वहीत नीट उतरवून घेतलं होतं आणि तीन गुरुवार फाटकापासून परत फिरलो होतो. चौथ्या गुरुवारी ते फाटकात उभे होते. "पुढं सरका, पुढं जागाय," ते गाडीतल्या आवाजात म्हणाले. मी सवयीनं पुढं सरकलो आणि आत पोचलोसुद्धा.

उपदेश त्यांना जमत नसे. कुणी "आता जन्मात शिवणार नाही" म्हणालं की ते हात वर करायचे. "लांबचं तिकीट मागू नका. आज झोपेपर्यंतचं बोला." स्वतः सोळा वर्षं न पिता काढलेला माणूस, पण तेही रोजचंच बोलायचे.

माझा तिसरा महिना चालू होता, तेव्हा सिल्लोडला धाकट्या भाचीचं लग्न निघालं. थोरलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी मांडवामागं पडलेलो होतो. मामाच्या जागी चुलत्याला उभं केलं होतं. या वेळी ताई फोनवर दोनच वाक्यं बोलली. "बाळू, शुद्धीत उभा राहणार असशील तर ये. नाहीतर पोरीसमोर येऊ नकोस."

मी यादी केली. घरून पोटभर जेवून निघायचं. वरातीत जायचं नाही. हातात मठ्ठ्याचा पेला सतत धरायचा, म्हणजे दुसरा कुणी देणार नाही. दुसऱ्याच्या हातचं काही प्यायचं नाही. अशी चौदा कलमं. कंडक्टरांनी ती दोनदा वाचली. "यादी लई झकास. पण हिच्यात माणूस नाय." आणि तेच आले.

वरात दोन तास उशिरा आली. आम्ही आचाऱ्याच्या चुलीपाशी उभे होतो. तिथं पिणारे फिरकत नाहीत, हा त्यांचा अनुभव. पण नवरदेवाचा एक काका शोधत तिथं आलाच. "ओ मामा, असं कोपऱ्यात काय उभारलात? घ्या, थंडाय!" पेल्यात रंग थंड पेयाचा होता, वास दारूचा. मी मठ्ठा दाखवला. "मग हे पाहुणे घेतील," म्हणत त्यानं पेला कंडक्टरांच्या हातात कोंबला आणि तो नाचायला पळाला.

ते पेला खाली ठेवतील म्हणून मी थांबलो. त्यांनी ठेवला नाही. पेल्याकडं बघत राहिले. कपाळावर घाम आला होता.

"स्टोअरवाले," ते हळूच म्हणाले, "घ्या हे माझ्या हातातून. मला ठेवता येईना."

मी पेला काढून घेतला. वास थेट नाकात गेला. तोंडाला पाणी सुटलं, हे लपवत नाही. चुलीमागच्या राखेत पेला उपडा केला. तेवढ्यात माइकवर पुकारा झाला. "वधूचे मामा, वधूचे मामा कुठं आहेत?" मांडवातून ताई मान उंच करून बघत होती. तिचा चेहरा मी थोरलीच्या लग्नाच्या फोटोत पाहिलेला होता, तसाच झालेला.

"जा तुम्ही," कंडक्टर म्हणाले. "मी स्टँडवर जातो." मांडवापासून स्टँडपर्यंत दोन बार होते. येताना मी मोजले होते. त्यांना एकटं सोडलं तर ते स्टँडवर पोचणार नव्हते. त्यांच्यापाशी थांबलो असतो, तर मांडवात पोचलो नसतो मी.

मी त्यांचं मनगट धरलं आणि चालायला लागलो. "अहो, मी कुठं?" "पुढं जागाय," मी म्हणालो.

बोहल्यावर ताईनं आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग विचारलं, "हे कोण?" "माझ्यासोबत आहेत. ते उभे राहिले तर मी उभा राहीन." तिनं आमच्या धरलेल्या हातांकडं पाहिलं आणि बाजूला सरकून जागा केली. अंतरपाटाआड भाची, तिच्यामागं आम्ही दोघं. शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता. एकदाही सुटला नाही.

पुढच्या गुरुवारी हे सगळं त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं, पेल्याच्या वासासकट. गुरू म्हणून मान असलेला माणूस इतका उघडा होताना मी पाहिला नव्हता. त्यांच्यानंतर मी बोललो. पहिल्यांदाच.

चार वर्षांनी ते गेले, हृदयविकारानं, न पिता. कन्नडला दहाव्याला निघालो तर ताई म्हणाली, मी पण येते. त्यांच्या सुनेनं चहा देताना विचारलं, "तुमची बाबांशी ओळख कुठली?" खोलीतलं बाहेर न्यायचं नव्हतं आणि तिथं खोटं बोलवत नव्हतं.

ताईनं पदर सारखा केला. "माझ्या लेकीच्या लग्नात तिच्या पाठीमागं दोन मामा उभे होते, बाई," ती म्हणाली. "त्यातले एक हे."